उलट फिरणारी लाट

आमच्या धाकटीला खोटं बोलता येत नाही. हे मी कौतुकानं सांगत नाही, वैतागून सांगते. लहानपणी घरी पाहुणे आले आणि आई तोंडभरून म्हणाली, "बरं झालं बाई आलात," की ही कोपऱ्यातून बोलायची, "आत्ताच तर म्हणत होतीस, ह्यांना आजच यायचं होतं का!" मग पाहुणे चहाचा कप खाली ठेवायचे, आई माझ्याकडे पाहायची आणि मी हिला दंडाला धरून आत न्यायची. मी थोरली. तिला पाठीशी घालण्याचं काम तेव्हापासून माझ्याकडे आलं ते आलंच.

माझं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. नवीन काही शिवत नाही. पँटची उंची कमी करायची, चेन बदलायची, कोटाचं फाटलेलं अस्तर बदलून द्यायचं. दुकानाच्या मागच्या रस्त्यावर ती प्रयोगशाळा, जिथं धाकटीनं आपली सगळी उमेदीची वर्षं घातली. तळघरातली खोली, खिडकी नाही. मधोमध माणसापेक्षा उंच असं स्टीलचं पिंप, त्याच्या पोटात मॅग्नेट, आणि कोपऱ्यात एक पंप, तो दिवसभर दमेकऱ्यासारखा धापा टाकायचा. दुपारी जेवायला ती माझ्याकडे येई. कात्र्या, रिळं, चिंध्या बाजूला सारून आम्ही कटिंगच्या टेबलावरच डबे उघडायचो आणि मी विचारायची, "काय गं, फिरली का तुझी लाट?"

ती लाट म्हणजे काय, हे माझ्या डोक्यात शिरायला बराच काळ गेला. आता दुसऱ्याला सांगण्याइतकं येतं. नखाएवढी एक चिप असते. तिच्यात इलेक्ट्रॉनचा एक थर असतो, इतका पातळ की त्या बिचाऱ्यांना डावीउजवीकडे जाता येतं, पुढेमागे जाता येतं, वरखाली मुळीच नाही. ही चिप द्रवरूप हेलियमनं गार करायची, इतकी गार की आपला कडाक्याचा हिवाळा त्यापुढे उकाडा वाटावा. मग मॅग्नेट चालू करायचा. थराच्या मधले इलेक्ट्रॉन जागच्या जागी गिरक्या घेत बसतात. कडेच्यांना मात्र पुरती गिरकी घ्यायला जागाच नसते. ते कडेला आपटत आपटत पुढे सरकतात, सगळे एकाच दिशेनं. अशा वेळी कडेवर एका ठिकाणी विजेचा छोटासा धक्का दिला, की तो कडेकडेनं सगळ्या चिपला फेरी मारून येतो. रांगेत मागून कुणी ढकललं की माणसं जागेवरच डुलतात आणि धक्का तेवढा पुढे जातो, तसं. एकट्यादुकट्या इलेक्ट्रॉनचं ते काम नाही, सगळ्यांनी मिळून केलेली लाट असते ती. आणि ती कधी मागे वळत नाही. वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांसारखी फिरणार. वाटेत कडा खडबडीत असो, कोपरा असो, तिला पर्वा नाही. मॅग्नेटची दिशा बदलली, तरच ती उलट फिरणार.

"म्हणजे तुझ्यासारखीच हट्टी," मी म्हटलं होतं. ती हसली नव्हती. तिला असल्या तुलना आवडत नाहीत.

तिच्या सरांना मुलं पाठीमागे 'उलटे सर' म्हणायची. तरुणपणी त्यांनी गणित मांडून दाखवलं होतं, की एका विशिष्ट पदार्थात इलेक्ट्रॉन विरळ केले, तर मॅग्नेटला हातही न लावता ही लाट उलट फिरेल. तेव्हा तो पदार्थ कुणाला नीट बनवताही येत नव्हता. मोठ्या सभेत त्यांनी हे सांगितलं आणि मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "कागद उलटा तर धरला नाहीत ना?" सगळं सभागृह हसलं. सरांनी खरंच कागदाकडे पाहिलं, म्हणून लोक आणखी हसले. ही गोष्ट सर स्वतःच सांगायचे, हसत हसत सांगायचे, आणि सांगून झाल्यावर समोरचे कागद सरळ करत बसायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं. काकू आणि ते, दोघंच. आणि मग धाकटी.

धाकटी त्यांच्याकडे गेली ती तिथलीच झाली. मधे एक मुलगा होता, ढगांचा अभ्यास करणारा. साधा, हसरा, माझ्या दुकानात येऊन स्वतःचं बटण स्वतः लावून जाणारा. दुसऱ्या शहरात दोघांनाही कायमची नोकरी मिळत होती. धाकटी म्हणाली, "ताई, नवीन पदार्थाची चिप येतेय गं. आत्ता कशी जाऊ?" मी हातातली कात्री टेबलावर आपटली. त्या टेबलाला अजून खाच आहे. ढगवाला गेला, हिनं चिपची वाट पाहिली.

त्या प्रयोगशाळेत एक रीत होती, सरांनी घालून दिलेली. यंत्रातली तार कुणी बदलली, की त्यानं तिथं लाल दोरा बांधायचा. दोरा दिसला की दुसऱ्यानं विचारायचं, का बदलली. सगळ्यांच्या डोक्यात सगळं राहत नाही, दोरा राहतो, असं सर म्हणायचे. दोरा माझ्याच दुकानातला. सर स्वतः येऊन रीळ न्यायचे आणि निवडायला इतका वेळ लावायचे, जसं काही लग्नाचा कोट शिवायचाय. "ताई, हा रंग तेलकट हातांत टिकेल ना?" मी म्हणायची, "सर, हा तुमच्या पिंपापेक्षा जास्त टिकेल." टिकलाच मेला.

नवीन चिप आली ती जुन्या डबीत मावेना. पितळेची नवी डबी करून घेतली. तिच्यात टाचण्यांसारख्या पिना खालून वर आलेल्या, त्यामुळे चिप त्यांच्यावर पालथी ठेवावी लागे. हे सगळ्यांना माहीत होतं. कुणी काही लपवलं नाही. हेलियम आलेलं, ते उडून जायच्या आत सगळं जोडायची घाई, आणि प्रत्येक जण आपापल्या परीनं काळजीनं काम करत होता.

आणि लाट उलट फिरली.

त्या दिवशी सर चालत माझ्या दुकानात आले. आत एक जाडसर गृहस्थ नवी चेन लावलेली पँट घालून पाहत होते. सर दारातूनच ओरडले, "ताई, उलट फिरली!" गृहस्थांनी दचकून खाली पाहिलं. "नाही हो, बरोबर लागलीय," ते म्हणाले. सर त्यांच्या गळ्यात पडले. मग माझ्या कटिंगच्या टेबलावर त्यांनी बोटानं गोल काढला, घड्याळाच्या उलट्या दिशेनं, पुन्हा पुन्हा. हवेत कधी काढायचे नाहीत. समोरच्याला तो गोल पुन्हा सुलट दिसतो ना, म्हणून नेहमी टेबलावर, वरून पाहून. इतका काटेकोर माणूस. मी त्या दिवशी धाकटीला माफ केलं. ढगवाल्यासकट सगळं माफ केलं.

पुढचा काळ चांगला गेला. त्याच सभेनं सरांना पुन्हा बोलावलं. या वेळी लोक उभे राहिले. धाकटीचं नाव त्यांच्या शेजारी छापून आलं, तिची वर्षावर्षानं लांबणारी नोकरी आता कायमची होणार असं वरचे लोक म्हणू लागले. मग एके सकाळी सर दात घासता घासता खाली पडले. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डोकं मात्र लख्ख राहिलं. ते गेलं असतं तर बरं झालं असतं, असं मी पुढे कितीदा तरी मनात म्हटलं, आणि म्हटल्याबद्दल स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

धाकटी दर आठवड्याला जायची. सर तिला पाहिलं की डाव्या हाताच्या बोटानं चादरीवर गोल काढायचे. उलटा. मग तिनंही तसाच काढायचा. काकू म्हणायच्या, "एवढं एकच बोलतात बघ ते आता. मला पाणी मागत नाहीत, पण तुझी लाट बरोबर फिरवतात."

असं चाललेलं असताना दुसऱ्या एका प्रयोगशाळेतून निरोप आला. त्यांनी तोच पदार्थ, तशीच चिप घेतली होती. त्यांची लाट नेहमीसारखी, सरळ फिरत होती. आधी धाकटी संतापली. "चिप खराब असेल त्यांची. घाईत करतात सगळं." दोन घास खाऊन डबा बंद केला. दुसऱ्या दिवशी एकच घास खाल्ला. तिसऱ्या दिवशी ती आलीच नाही.

ती आली एका भर दुपारी. दुकानात गिऱ्हाईक होतं. तिचा चेहरा पाहून मी त्या बाईंना म्हटलं, "उद्या या." बाई म्हणाल्या, "अहो पण माझा कोट..." मी कोट त्यांच्याच हातात कोंबला आणि दार लावून घेतलं.

"ताई, एक बाही दे," ती म्हणाली.

मी एका कोटाची उसवून ठेवलेली बाही दिली. तिनं ती टेबलावर पसरली.

"ही चिप. पालथी घातली की डावं ते उजवं होतं, उजवं ते डावं. हो ना? म्हणून तारा जोडलेल्या टोकांचे नंबर एकदा उलटे करावे लागतात. नाहीतर सरळ फिरणारी लाट उलट दिसणार."

"हो. मग?"

"मी केले होते. प्रोग्रॅममध्ये, पहिल्याच दिवशी. मी कशी विसरेन?" तिनं बाही उलटवली. "पण सरांना वाटलं, मी विसरले. त्यांनी खालच्या बाजूनं तारांची अदलाबदल केली." तिनं बाही पुन्हा उलटवली. बाही होती तशी झाली.

मला लगेच कळलं नाही असं म्हणवत नाही. रोज उलटसुलट करणारी बाई मी. दोघांनी एकेकदा बरोबर दुरुस्ती केली होती, आणि दोन दुरुस्त्यांनी मिळून चूक जशीच्या तशी परत आणून ठेवली होती.

"आज डबी उघडली," ती म्हणाली. "खालच्या झाकणाच्या आत. लाल दोरा. त्यांची गाठ. मी ओळखते ना त्यांची गाठ."

"मग सांगितलं का नाही त्यांनी तुला?"

"मुलं होती ना आजूबाजूला. चार जणांसमोर मला 'विसरलीस' म्हणायचं नसेल त्यांना. दोरा बांधला, म्हणजे सांगितलंच की. आणि ते झाकण मग कुणी उघडलंच नाही. चिप नाजूक, उगाच हात कशाला लावा." ती खाली बसली, टेबलाखाली, चिंध्यांच्या ढिगात, लहानपणी बसायची तशी. "ताई, लाट कधी उलट फिरलीच नाही गं. सर चुकले होते. तेव्हाही, आत्ताही. सगळं सरळच फिरतं."

मी तिच्या शेजारी जाऊन बसले. मला इलेक्ट्रॉनचं काही वाटत नव्हतं, ते उलटे फिरोत नाहीतर खड्ड्यात जावोत. मला चादरीवरचं ते बोट दिसत होतं.

तरी आशा मेली नव्हती. माणसाची आशा चिवट असते, आणि धाकटीची तर विचारूच नका. ती म्हणाली, एकदा करून पाहायचं. सरांची अदलाबदल सोडवायची, प्रोग्रॅममधली दुरुस्ती तशीच ठेवायची, आणि पुन्हा मोजायचं. कुणी सांगावं, दोऱ्याचं आणखी काही कारण असेल. कदाचित तिचीच आज चूक होत असेल. माझी बारीक कात्री घेऊन ती गेली. कात्री घेऊन एवढ्या आशेनं कुणाला जाताना मी पाहिलेलं नाही.

हेलियम आलं त्या दिवशी मी दुकान बंद ठेवून तिच्यासोबत तळघरात बसले. मला तिथं काही काम नव्हतं. एक लाकडी स्टूल होतं, त्यावर बसून मी पंपाच्या धापा ऐकत होते. पिंपाच्या तोंडातून पांढरी वाफ खाली ओघळत होती. धाकटी यंत्राची बटणं फिरवायची, आकडे पाहायची, मधेच माझ्याजवळ येऊन उभी राहायची आणि परत जायची. तिचे ओठ हलत होते. देवाचं नाव घेणाऱ्यातली ती नाही. मी नीट ऐकलं तर ती म्हणत होती, "मी चुकलेली असू दे. मी चुकलेली असू दे."

दुपार कलली तेव्हा मॅग्नेटचा जोर पुरता चढला. तिनं धक्का दिला. पडद्यावर दोन रेघा होत्या, एक डाव्या टोकाची, एक उजव्या टोकाची. ज्या रेघेवर आधी उंचवटा येईल, त्या बाजूनं लाट गेली. हे मलासुद्धा कळण्यासारखं होतं, आणि कळलं नसतं तर फार बरं झालं असतं. उंचवटा सरळ बाजूला आला. तिनं पुन्हा धक्का दिला. पुन्हा तिथंच. इलेक्ट्रॉन आणखी विरळ केले. तिथंच. मॅग्नेट थोडा उतरवला, चढवला. किती वेळा केलं असेल देव जाणे. प्रत्येक वेळी ती पडद्याकडे अशी पाही, की आजाऱ्याच्या तोंडाकडे डॉक्टरसुद्धा तसं पाहत नसेल. लाट मुकाट्यानं, सरळ, घड्याळाच्या काट्यांसारखी फिरत राहिली. तिला कुणाचं काय पडलं होतं?

शेवटी तिनं पंप बंद केला. इतक्या वर्षांत त्या खोलीत मी शांतता ऐकली नव्हती. नको वाटली.

"ताई, मी आता काय करू?" ती म्हणाली. "सांग ना, काय करू मी?"

तिनं मला आजवर कधी असं विचारलं नव्हतं. नेहमी मीच तिला सांगायची आणि ती ऐकायची नाही. मी तिला जवळ घेतलं. ती रडलीसुद्धा नाही. रडली असती तर मला जरा सुचलं असतं.

सरांकडे जायच्या दिवशी मात्र मी रस्त्यात तिला अडवलं. "हे बघ, जगाला काय सांगायचं ते सांग. छापलेलं मागे घे, नोकरी जाऊ दे, माझं दुकान आहे, दोघी खाऊ. पण त्या माणसाला सांगू नकोस. त्यांचं काय राहिलंय? एक बोट राहिलंय. चादरीवर उलटा गोल काढ आणि घरी चल. हात जोडते तुझ्यापुढे."

"ते मला विचारतात, ताई. दर वेळी विचारतात. गोल काढतात म्हणजे काय करतात असं तुला वाटतं? आकडा विचारतात. त्यांना मी खोटा आकडा सांगू?"

"सांग!"

"ते चुकले हे मी त्यांना सांगेन," ती म्हणाली. "कशामुळे चुकलं ते नाही सांगणार. त्यांच्या हातानं झालं हे त्यांना कळता कामा नये. मी विसरले म्हणेन. तेवढं खोटं मी बोलेन."

मी कपाळाला हात लावला. आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलायला निघाली होती, आणि तेही अर्धवट.

काकूंनी दार उघडलं. "आज सकाळपासून बोट फिरवतायत. कळतो त्यांना तुझा वार." खोलीत औषधांचा वास होता. खिडकीचा पडदा एका बाजूनं उसवलेला, तो मी दर वेळी पाहायची आणि दर वेळी सुईदोरा आणायला विसरायची. सर उशांना टेकून बसले होते. उजवा हात मांडीवर ठेवलेला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. आम्हाला पाहून त्यांचा अर्धा चेहरा हसला. डावं बोट चादरीवर फिरलं. उलटा गोल.

धाकटी पलंगाच्या कडेला बसली. तिनं त्यांचा तो मेलेला उजवा हात स्वतःच्या हातात घेतला, उताणा केला आणि तळव्यावर बोटानं गोल काढला. सरळ.

सरांनी पाहिलं. त्यांना वाटलं, हिची चूक झाली. डाव्या हातानं त्यांनी तिचं बोट धरलं आणि हळूच, लहान मुलाला अक्षर गिरवायला शिकवावं तसं, उलट दिशेनं फिरवलं. तिनं फिरू दिलं. मग पुन्हा सरळ गोल काढला.

"सर, दुसऱ्यांना सरळ दिसली. मीही परत मोजली. लाट सरळच फिरते."

काकू दारात होत्या, त्या आत आल्या नाहीत.

"माझ्यामुळे झालं," धाकटी भरभर बोलू लागली. घोकून आणलं होतं तिनं. "चिप पालथी होती ना, नंबर उलटे करायला हवे होते. मी विसरले. मीच विसरले, सर."

सरांनी मान हलवली. नाही. मग डाव्या हातानं त्यांनी आपलं उजवं मनगट धरलं, हात उचलला आणि पालथा करून मांडीवर ठेवला. ही चिप. आम्हा दोघींना कळलं. धाकटीनं मान डोलावली. मग त्यांनी तोच हात उचलून उताणा केला, आणि डाव्या बोटानं स्वतःच्या छातीवर टकटक केलं. हे मी दुरुस्त केलं होतं.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, तिच्या खोट्याला भगदाड होतं. ती विसरली असती, तर सरांच्या दुरुस्तीनं सगळं बरोबर आलं असतं. लाट चुकीची आली, म्हणजे ती विसरली नव्हती. सरांना हे कळायला किती वेळ लागणार? त्यांनी हात तिसऱ्यांदा उचलला, पालथा केला, आणि बोट धाकटीकडे केलं. डोळ्यांत एवढाच प्रश्न होता: तूही?

मी इतकी वर्षं तिला पाठीशी घालत आले, पण या वेळी तिनं माझी वाट पाहिली नाही. धाकटीनं पर्स उघडली. आतून लाल दोऱ्याचा तुकडा काढला.

"तुमचा दोरा मला तेव्हाच दिसला होता, सर. मला वाटलं, कुणा मुलानं चुकून बांधला. मी विचारलं नाही. सोडून टाकला आणि तारा परत होत्या तशा लावल्या. आणि मग नंबर बदलायचे राहिले. तुम्ही केलं होतं ते बरोबर होतं. तुमच्याकडून काही झालं नाही. काहीही झालं नाही, सर."

तिचा आवाज एकदाही अडखळला नाही. मी तोंडात बोट घातलं. इतकं सफाईदार खोटं मलाही जमलं नसतं.

सरांनी दोरा डाव्या चिमटीत धरून डोळ्यांजवळ नेला. मी उभी होते तिथून मलाही तो दिसत होता. गाठ होती तशीच होती, आवळलेली, बांधतानाच्या तेलकट बोटांनी काळी पडलेली. तिच्या शेजारी दोरा कापलेला, आणि कापल्या जागी आतला रंग नवाकोरा, लालबुंद. माझ्या कात्रीचा काप मी ओळखते. तो दोरा कधी कुणी सोडलेला नव्हता. परवापर्यंत तो तिथंच होता.

सरांनी गाठीवरून अंगठा फिरवला. ती त्यांनीच मारलेली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दोरा देणारी मी, मला विचारणारच. मी उसवलेल्या पडद्याकडे पाहत उभी राहिले.

मग सरांनी दोरा उजव्या तळव्यावर ठेवला आणि डाव्या हातानं त्या मेलेल्या हाताची बोटं एकेक करून त्यावर मिटली. धाकटीकडे पाहिलं. चादरीवर एक गोल काढला. सरळ. घड्याळाच्या काट्यांसारखा. एकदाच.

धाकटीनं मग ते छापलेलं सगळं मागे घेतलं, चूक एकट्या स्वतःच्या नावावर लिहिली. कायमची नोकरी तर गेलीच, होती तीही गेली. आता ती माझ्या दुकानात चेन लावते आणि फार सुंदर लावते, आणि मला ते पाहवत नाही. सरांनी त्या दिवसानंतर बोट उचललं नाही, असं काकू म्हणाल्या. धाकटी भेटायला गेली की तिच्याकडे नुसते पाहत बसायचे. पुढे तेही राहिलं नाही.

पण त्या दिवशी, त्यांच्या घरून निघून आम्ही रस्त्याला लागलो तेव्हा, तिनं माझा दंड घट्ट धरला होता. कोपऱ्याशी ती थांबली. मग म्हणाली, "ताई, त्यांना पटलं ना गं? माझंच चुकलं म्हणून?"

"पटलं," मी म्हटलं. "न पटायला काय झालं?"